बंधुशोक आणि नित्यक्रम

घरांत मृत्यु घडला असतां मनुष्यानें आपला नित्यक्रम चालू ठेवावा किंवा कांहीं काळ थांबवावा, हा प्रश्न वरवर पाहतां शास्त्राचा किंवा रूढीचा वाटतो; परंतु खरोखर तो मनुष्यस्वभावाचा आहे, आणि म्हणूनच इतिहासाचाहि आहे. जो थांबतो त्यास लोक दुबळा म्हणतात. जो थांबत नाहीं तो आपला असेल तर स्थितप्रज्ञ ठरतो आणि परका असेल तर पाषाणहृदयी. या दोन्ही निवाड्यांच्या बुडाशीं एकच गृहीत आहे, तें असें कीं, चालू राहिलेले हातपाय मनाच्या स्थितीची साक्ष देतात. हें गृहीत कितपत टिकतें तें एका अगदीं निराळ्या क्षेत्रांतील तीन उदाहरणांवरून तपासून पाहण्याचा आमचा विचार आहे. हें क्षेत्र म्हणजे इटलींतील सायकलशर्यतींचें. राजवाड्यांतील व रणांगणावरील शोकाचीं वर्णनें वाचण्याची ज्यांस संवय आहे त्या वाचकांस हा विषय प्रथमदर्शनीं हलका वाटण्याचा संभव आहे. तरी त्यांनीं थोडा धीर धरावा, अशी आमची विनंति आहे.

हें क्षेत्र आम्हीं निवडलें त्यास दोन कारणें आहेत. राजा किंवा सेनापति शोकांत कसा वागला याची हकीकत बहुधा त्याच्या आश्रितांनीं लिहिलेली असते, आणि आश्रितांची शाई धन्याच्या अश्रूंइतकीच पातळ किंवा दाट होत असते. सायकलस्वाराचें तसें नाहीं. तो कोणत्या दिवशीं कोठून निघाला, किती अंतर गेला, पहिल्या स्वाराच्या मागें किती मिनिटांनीं पोहोंचला, हें सर्व पंचांच्या घड्याळानें नोंदून ठेवलेलें असतें. अंतःकरणाची साक्ष इतिहासकारास मिळत नाहीं. पण पायांची साक्ष येथें मिनिटांसेकंदांनीं मिळते. दुसरें कारण या धंद्याच्या स्वरूपांत आहे. आपल्याकडील पहिलवानास विचारा. चार दिवस आखाडा सुटला कीं अंग जड होतें, हें तो सांगेल. सायकलस्वाराची मेहनत त्याहूनहि निष्ठुर असते. रोज शेंदीडशें किलोमीटरची दौड पायांत मुरवावी तेव्हां महिन्यांनीं तिचें फळ दिसतें, आणि दोनतीन आठवडे ती सुटली कीं तें फळ ओसरूं लागतें. अशा माणसाच्या घरीं मृत्यु आला म्हणजे शोक आणि नित्यक्रम यांची गांठ टळत नाहीं.

आम्ही ज्या तिघांविषयीं लिहिणार आहों त्यांच्या बाबतींत तर ही गांठ अधिकच घट्ट होती. तिघांचेहि भाऊ गेले, आणि ते सायकलवर असतांना झालेल्या अपघातांत गेले. म्हणजे नित्यक्रमाकडे परतणें हें त्यांच्या बाबतींत, ज्या रस्त्यानें भावाचा बळी घेतला त्याच रस्त्यावर पुन्हां चाक घालणें होतें. शिवाय हे तिघेहि गरिबींत वाढलेले होते. एक गवंडीकाम करीत असे. दुसरा सायकलदुरुस्तीच्या दुकानांत उमेदवारी करीत होता. तिसरा एका खाटकाच्या दुकानाचा माल सायकलवरून घरोघर पोहोंचवीत असे. सायकल ही त्यांची हौस होण्यापूर्वीं पोटाचें साधन होती. शेतकऱ्याच्या घरीं माणूस गेलें म्हणून गोठ्यांतील गाईची धार काढावयाची राहत नाहीं. ज्यांच्या पोटाचें साधनच चाक आहे त्यांच्या वागण्याचा विचार करतांना हें विसरून चालत नाहीं.

पहिलें उदाहरण ओत्ताव्हिओ बोत्तेक्किया याचें. इटलीच्या ईशान्य भागांतील एका दरिद्री कुटुंबांत १८९४ सालीं हा जन्मला. पहिल्या महायुद्धांत तो सायकलपथकांत शिपाई होता. युद्धानंतर तो शर्यतींत उतरला आणि १९२४ सालीं ‘तूर द फ्रान्स’ ही फ्रान्सभर फिरणारी महाशर्यत जिंकणारा पहिला इटालियन ठरला. त्या वर्षीं अग्रस्थानाचें चिन्ह असलेला पिवळा अंगरखा पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्याच अंगावर होता. १९२५ सालींहि तोच विजयी झाला. पुढें १९२७ च्या मे महिन्यांत त्याचा भाऊ जोव्हान्नी हा सायकलवरून जात असतां मोटारीखालीं सांपडून मरण पावला. महाशर्यत तोंडावर आली होती. भावाच्या मृत्यूस पुरते दोन आठवडेहि लोटले नव्हते, तोंच ३ जून रोजीं ओत्ताव्हिओ एकटाच मेहनतीसाठीं रस्त्यावर निघाला. पेओनिस या खेड्याजवळ तो रस्त्याच्या कडेस बेशुद्ध पडलेला आढळला. त्याच्या डोक्यास जबर मार लागला होता. १५ जून रोजीं जेमोना येथील रुग्णालयांत त्याचा अंत झाला. उन्हानें घेरी येऊन तो पडला, कोणा शेतकऱ्यानें त्यास मारलें, राजकीय द्वेषानें त्याचा घात झाला, अशीं अनेक मतें पुढें आलीं. निर्णय मात्र आजवर झालेला नाहीं.

येथें एक मोह टाळला पाहिजे. भावाच्या शोकानें मन थाऱ्यावर नव्हतें म्हणून बोत्तेक्किया पडला, असें लिहिलें तर कथा गोळीबंद होईल; पण त्यास पुरावा नाहीं, आणि गोळीबंद कथा हा इतिहासाचा जुना शत्रु आहे. आपल्या हातीं निश्चित आहे तें इतकेंच: एका घरांतून एका महिन्याच्या आंत दोन भाऊ गेले, आणि दुसरा गेला तो आपला नित्याचा क्रम पाळीत असतां गेला. त्या सकाळीं तो निघाला नसता तर त्यास कोणी नांवें ठेवलीं नसतीं. निघाला म्हणूनहि कोणी त्यास धीरोदात्त म्हटलें नाहीं. तो निघाला, कारण जूनमध्यें त्यानें दरवर्षीं हेंच केलें होतें.

दुसरें उदाहरण जीनो बार्ताली याचें. फ्लॉरेन्सजवळील पोंते आ एमा या गांवीं १९१४ सालीं हा जन्मला. १९३६ च्या जूनमध्यें, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्यानें ‘जीरो द इतालिया’ ही इटलीची महाशर्यत जिंकली. विजयाचे हार वाळले नाहींत तोंच, त्याच महिन्यांत, त्याचा धाकटा भाऊ ज्युलिओ एका शर्यतींत उतारावरून येत असतां मोटारीवर आदळला आणि त्या जखमांनीं मरण पावला. ज्युलिओहि थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकून सायकलस्वार होऊं पाहत होता. जीनोनें सायकल टाकली. आपण आतां शर्यतीचें नांव घेणार नाहीं, असें त्यानें ठरविलें होतें, आणि कांहीं काळ तो खरोखरच दूर राहिला.

हा निश्चय टिकला नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या शरदृतूंत लोंबार्दीची प्रसिद्ध शर्यत त्यानें जिंकली. १९३७ सालीं जीरो पुन्हां जिंकली. १९३८ सालीं फ्रान्सची महाशर्यत जिंकली. आणि मध्यें दुसरें महायुद्ध येऊन गेल्यावर १९४८ सालीं, दहा वर्षांनीं, तीच शर्यत दुसऱ्यांदा जिंकून त्यानें जगास थक्क केलें. परंतु भावाच्या मृत्यूनंतर परत आलेला बार्ताली तोच राहिला नव्हता. तो मूळचाच श्रद्धाळू होता. आतां कार्मेल पंथाचा गृहस्थाश्रमी अनुयायी म्हणून त्यानें रीतसर व्रत घेतलें. प्रार्थना आणि मेहनत हीं त्याच्या दिनक्रमाचीं दोन चाकें झालीं, आणि लोक त्यास ‘धर्मशील जीनो’ म्हणूं लागले. त्याचा नित्यक्रम मोडला आणि पुन्हां जोडला गेला, तेव्हां त्या जोडामध्यें भावाच्या स्मृतीस जागा ठेवलेली होती. जुन्या भांड्यास कासार डाग देतो तेव्हां भांडें पाण्यास पुन्हां उपयोगी पडतें, पण डाग दिसावयाचा राहत नाहीं. तशांतलाच हा प्रकार होय.

तिसरें उदाहरण फाउस्तो कोप्पी याचें. तें आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविलें आहे, कारण नित्यक्रम म्हणजे काय हें तें सर्वांत स्पष्टपणें दाखवितें. उत्तर इटलींतील कास्तेल्लानिया या डोंगराळ खेड्यांत १९१९ सालीं फाउस्तो जन्मला, आणि त्याचा भाऊ सेर्से १९२३ सालीं. थोरला अबोल व स्वतःविषयीं साशंक. धाकटा हसरा व बोलका. मोठ्या शर्यतींत पुढाऱ्याभोंवतीं त्याच्या संघांतील गडी असतात. इटालियन भाषेंत त्यांस ‘ग्रेगारिओ’ म्हणतात. त्यांचें काम स्वतः जिंकण्याचें नसतें. पुढें राहून वारा अंगावर घ्यावा आणि पुढाऱ्यानें त्यांच्या आडोशानें आपली शक्ति राखावी, त्याचें चाक फुटलें तर आपलें काढून द्यावें, पाण्याची बाटली आणावी, असें तें सेवेचें काम. सेर्से हा भावाचा असा गडी होता. त्यानें स्वतः मिळविलेला मोठा विजय एकच. १९४९ च्या पॅरिस-रूबे शर्यतींत अखेरच्या क्षणीं पुढील स्वारांस चुकीची वाट दाखविली गेली आणि वाद उत्पन्न झाला. फाउस्तोनें भावाचा पक्ष नेटानें लावून धरला, आणि अखेरीस आंद्रे माए व सेर्से या दोघांसहि विजयी ठरविण्यांत आलें. परंतु सेर्सेचें खरें स्थान विजेत्यांच्या यादींत नव्हतें. तें थोरल्याच्या नित्यक्रमांत होतें. सकाळची दौड, वाटेंतील गप्पा, मुक्कामावरील शेजारची खाट, उद्यांच्या भीतीवरचा विनोद, या सर्वांत सेर्से होता.

१९५१ सालीं २९ जून रोजीं पिएमोंत प्रांताची शर्यत होती. तुरिन शहरांत, शेवट अगदीं जवळ आला असतां, ट्रामच्या रुळांत चाक अडकून सेर्से पडला. तो उठला, पुन्हां सायकलवर बसला आणि शेवटापर्यंत गेला. मुक्कामावर पोहोंचल्यावर त्याची प्रकृति एकाएकीं बिघडली. मेंदूंत रक्तस्राव झाला होता, आणि त्यांतच त्याचा अंत झाला. ती शर्यत जिंकणाऱ्याचें नांव जीनो बार्ताली. पंधरा वर्षांपूर्वीं ऐन जून महिन्यांत ज्याचा भाऊ गेला होता तो विजयाच्या चौथऱ्यावर, आणि ज्याच्याशीं त्याची स्पर्धा इटलीभर गाजत होती त्याचा भाऊ त्याच संध्याकाळीं मृत्युशय्येवर; नाटककारानें असा योग जुळविला असता तर आम्हीं त्यास कृत्रिम म्हटलें असतें.

फ्रान्सची महाशर्यत ४ जुलै रोजीं मेत्स येथून सुटावयाची होती. म्हणजे मृत्यूचा दिवस धरून सहाव्या दिवशीं. सायकल कायमची सोडावी, असें फाउस्तोच्या मनांत आलें होतें. परंतु त्या काळीं ही शर्यत राष्ट्रांच्या संघांमध्यें होत असे. आल्फ्रेदो बिंदाच्या देखरेखीखालील इटलीच्या संघांत त्याचें नांव होतें. आणि साऱ्या देशाचे डोळे त्याजकडे लागलेले होते. तो निघाला. वृत्तपत्रांस तेवढेंच पुरेसें होतें. पुढें काय घडलें तें मात्र केवळ ‘तो निघाला’ या दोन शब्दांत मावणारें नाहीं.

या शर्यतीची रचना येथें ध्यानांत घ्यावयास हवी. ती एका दिवसाची नसते. १९५१ सालीं तिचे चोवीस टप्पे होते आणि एकूण अंतर सुमारें ४,७०० किलोमीटर होतें. प्रत्येक टप्पा ठराविक मुदतींत पुरा करावा लागतो. जो करीत नाहीं तो बाद. एखादे दिवशीं मन लागत नाहीं म्हणून घरीं बसण्याची सोय तींत नाहीं. शोकाकुल मनुष्यास काळ थांबला आहे असें वाटतें. ही शर्यत त्यास रोज सकाळीं सांगते कीं काळ थांबलेला नाहीं आणि ठराविक वेळेस निघावयाचें आहे. पहिले दोन आठवडे फाउस्तो निघत राहिला व पोहोंचत राहिला. २० जुलै रोजीं, कार्कासोनहून मोंपेलिएकडे जातांना, तो कोसळला. कडक ऊन होतें, ओकाऱ्या सुरू झाल्या, पाय चालेनात. पुढें निघून गेलेल्या ह्यूगो कोब्लेत इत्यादिकांच्या मागें तो अर्ध्या तासाहून अधिक वेळानें पोहोंचला. तो पोहोंचला हेंच विशेष. संघांतील गडी त्याच्याभोंवतीं राहिले, त्यांनीं त्यास धीर दिला, आडोसा दिला, पाणी दिलें. सेर्से जें करीत असे तेंच त्या दिवशीं इतरांनीं मिळून केलें.

हा सर्व शोकाचाच परिणाम, असें आम्ही म्हणणार नाहीं. उन्हाचा भाग होता, थकव्याचा होता; आदल्याच वर्षीं कंबरेचें हाड मोडून तो कित्येक महिने अंथरुणास खिळला होता, त्याचाहि असेल. परंतु भावास अग्नींत किंवा मातींत देऊन पुरते तीन आठवडे झाले असतां ज्याचें शरीर असें बंड करतें, त्यास पाषाणहृदयी कोण म्हणेल? आणि स्थितप्रज्ञ तरी कोण म्हणेल? त्यानें शोक थांबविला नव्हता. शोकास बसावयास वेळ दिला नव्हता, इतकेंच. सावकार दारावरून परत गेला म्हणून कर्ज फिटत नाहीं. मोंपेलिएच्या वाटेवर त्या कर्जाचा एक हप्ता वसूल झाला, आणि पंचांच्या घड्याळानें त्याची पावती लिहून ठेवली.

यानंतरहि त्यानें शर्यत सोडली नाहीं. थोड्याच दिवसांनीं गापहून ब्रियांसाँपर्यंतचा आल्प्सच्या घाटांतील टप्पा त्यानें एकट्यानें पुढें जाऊन जिंकला. अंतिम यादींत तो दहावा आला; कोब्लेत पहिला. त्याच संघांत सदतीस वर्षांचा बार्ताली होता, आणि तो चौथा आला. या दोघांत त्या महिन्यांत काय बोलणें झालें याविषयीं बरेंच लिहिलें गेलें आहे; आम्हांस एवढेंच नोंदवावेंसें वाटतें कीं, त्या संघांत फाउस्तोच्या स्थितीची ओळख असलेला एक मनुष्य होता आणि तो त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी होता. दुसऱ्याच वर्षीं, १९५२ सालीं, कोप्पीनें जीरो व तूर या दोन्ही महाशर्यती जिंकल्या. फ्रान्समध्यें तर दुसऱ्या क्रमांकाच्या स्वारावर अठ्ठावीस मिनिटांहून अधिक आघाडी घेतली. त्याच शर्यतींतील एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे: घाट चढतांना कोप्पी आणि बार्ताली यांच्या हातांत एकच पाण्याची बाटली आहे. कोणीं कोणास दिली याचा वाद इटलींत अद्याप संपलेला नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या धर्मशास्त्रानें सपिंडाच्या मृत्यूनंतर दहा दिवसांचें अशौच सांगितलें आहे. त्याच्या शुद्धाशुद्धतेच्या कल्पना कोणास पटोत वा न पटोत. त्यांत एक शहाणपण आहे, हें नाकारतां येत नाहीं. शोकग्रस्तानें ‘आतां काय करूं?’ असें विचारण्याचें त्यांत कारण उरत नाहीं. रोजचें कृत्य ठरलेलें असतें, आणि अकराव्या-बाराव्या दिवसानंतर व्यवहारांत परत येण्याची वाटहि आखलेली असते. म्हणजे अशौच हा नित्यक्रमाचा अभाव नाहीं. तो शोकाचा स्वतःचा नित्यक्रम आहे. बार्तालीस असा अवकाश मिळाला, किंवा त्यानें तो घेतला. कोप्पीचा सहावा दिवस मेत्सच्या वेशीवर उजाडला. म्हणून त्याचा शोक ठरलेल्या दिवसांत मावला नाहीं. तो रस्त्यावर, ऐन उन्हांत, साऱ्या जगासमक्ष बाहेर पडला.

संस्कृत काव्याच्या वाचकांस येथें रघुवंशांतील अजाची आठवण होईल. इंदुमतीच्या मृत्यूनंतर अजानें राज्य टाकलें नाहीं. पुत्र लहान म्हणून आठ वर्षें त्यानें कारभार पाहिला, आणि दशरथ जाणता झाल्यावर देह ठेविला. त्या आठ वर्षांत दरबारांत बसलेल्या राजास पाहून प्रजेस वाटलें असेल कीं, हा सांवरला. कालिदासास तसें वाटलें नाहीं. राजाचा क्रम चालू आहे आणि त्याचा शोकहि चालू आहे, या दोन्ही गोष्टी त्यानें शेजारीं शेजारीं ठेविल्या. आमच्या मतें शोकाविषयींचें हें सर्वांत खरें निरीक्षण होय.

नित्यक्रमानें दुःख विसरतें, हें सांत्वनाच्या वेळीं सर्रास म्हटलें जातें. या तीन इतिहासांवरून तें खरें दिसत नाहीं. ज्या क्रमांत गेलेला मनुष्य स्वतः सामील होता तो क्रम रोज ठरल्या वेळीं त्याची उणीव पुढें मांडतो. बाजूचें चाक नाहीं, शेजारची खाट रिकामी आहे, हें फाउस्तोस घरीं बसून जितकें दिसलें असतें त्याहून रस्त्यावर अधिक दिसलें असेल. मग मनुष्य तो क्रम कां धरून ठेवतो? आम्हांस वाटतें, याच कारणासाठीं धरून ठेवतो. तो सोडला तर गेलेल्याची रिकामी जागाहि हरवेल, ही भीति त्यामागें असते. ज्या कामांत आपण दोघे होतों तें काम करीत राहणें हाच सहवासाचा शेवटचा उरलेला प्रकार असतो.

कोप्पी १९६० च्या २ जानेवारीस हिवतापानें, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं वारला. आफ्रिकेंतील अपर व्होल्टा येथें गेला असतां तो ताप त्यास जडला होता. बार्ताली २००० सालापर्यंत जगला. कास्तेल्लानियांत फाउस्तो आणि सेर्से यांच्या समाधि शेजारीं शेजारीं आहेत, आणि २०१९ सालीं, फाउस्तोच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, त्या गांवानें आपल्या नांवापुढें ‘कोप्पी’ हें आडनांव जोडून घेतलें. दूरदूरचे सायकलस्वार घाट चढून तेथें येतात.

आपल्या आळींतील एखादा मनुष्य घरांत मृत्यु घडल्यावर चौथ्या दिवशीं सायकल काढून नेहमींच्या रस्त्यानें निघालेला दिसला, तर त्यास पाहून जीभ चालविण्यापूर्वीं हा इतिहास आठवावा. आणि दुसरा कोणी महिना लोटला तरी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकीत नसेल, तर त्यासहि तो आठवूनच दुबळा म्हणण्याचें टाळावें. पहिल्याचें मोंपेलिए अजून पुढें असेल. दुसऱ्याची लोंबार्दी अजून यावयाची असेल. दोघांपैकीं कोणाचाहि हिशेब बाहेरून तपासण्याचा अधिकार आपणांस नाहीं. वाटेंत भेट झाली तर पाण्याची बाटली पुढें करावी, इतकेंच शेजाऱ्याच्या हातीं असतें.